धुवणाची विहीर

६ जानेवारी

आले एकदाची! पांढरकवड्याच्या स्टँडवर तुम्हाला न्यायला जीप येईल, असं संस्थेनं कळवलं होतं. आला पाण्याचा टँकर. ड्रायव्हर संघदीप, तिशीचा, हसरा माणूस. जीप साहेबांच्या पाव्हण्याले घेऊन गेली, तुमाले टँकर चालन का मॅडम, असं त्यानं लाजत विचारलं. न चालायला काय झालं! सांगलीहून गाड्या बदलून बदलून माझा खुळखुळा झाला होता, त्यापेक्षा टँकरची सीट शंभरपट बरी. काचेतून दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस, मध्येच तुरीची शेतं, हवेत मस्त गारवा. मी चक्क गाणं गुणगुणले.

जुनी टोली म्हणजे पंचवीस-तीस घरांची बौद्ध वस्ती. वस्तीच्या तोंडाशी एक जुनी कोरडी विहीर आहे. संघदीपनं आधी तिथं टँकर लावला, पाईप सोडला आणि सगळं पाणी आत ओतलं. दुधट, फेसाळ पाणी. सावळदऱ्याच्या प्लँटात पाणी शुद्ध झाल्यावर जे उरतं ते संस्था आमच्या विहिरीला देते, पुनर्भरण करून राह्यलो आम्ही, असं त्यानं छाती फुगवून सांगितलं. मागच्या उन्हाळ्यात पहिला टँकर आला तेव्हा वस्तीनं विहिरीपाशी मेणबत्त्या लावून वंदना घेतली, बुंदी वाटली. संस्थेनं मला हे सांगितलंच नव्हतं. चांगल्या कामाचा गाजावाजा न करणारी माणसं आहेत म्हणून उलट बरंच वाटलं.

माझं काम सोपं आहे. या पट्ट्यातल्या पाण्यात फ्लोराईड जास्त. त्यानं आधी दात तपकिरी होतात, मग वर्षानुवर्षांनी हाडं ताठतात, लहान मुलांचे पाय वाकतात. शेजारच्या सावळदऱ्याला संस्थेचा शुद्धीकरण प्लँट आहे, त्याला बक्षिसंही मिळाली आहेत. टोलीचा प्लँट मार्चमध्ये बसणार. तोवर मी इथलं पाणी आणि मुलांचे दात-पाय तपासून नोंदी करायच्या.

राहायला संघदीपच्याच घरची पुढची खोली. अर्ध्या खोलीत छतापर्यंत कापूस आणि उरलेल्या अर्ध्या खोलीत मी. त्याची आई सत्यभामाकाकू दारात उभ्या होत्या. जय भीम म्हणाल्या, मीही म्हणाले. पाय धुवायच्या आधी हातात गुळाचा खडा आणि पाण्याचा पेला. पाणी कसं गोड लागलं!

७ जानेवारी

हसून हसून पोट दुखलं आज. काकूंनी रुपालीला, म्हणजे सुनेला, भाजीत सांबार टाक म्हणून सांगितलं आणि मी इडलीची वाट बघत बसले. इथं कोथिंबिरीला सांबार म्हणतात!

रुपालीची मुलगी वैष्णवी, चार वर्षांची. बडबडीत एक नंबर. मॅडम तुमचं उज्ज्वला नाव लांबच लांब हाये, म्हणून तिनं मला उजू करून टाकलं. चालताना गुडघ्याला गुडघा घासतो तिचा. बघायला हवं नीट.

इथली म्हातारी माणसं फार गमतीशीर बसतात. ओट्यावर ओळीनं, सगळी एकाच बाजूला तोंड करून. तिकडं टीव्ही लावलाय का, असं मी काकूंना विचारलं. त्या मान न वळवता सगळं अंगच वळवून हसल्या. म्हणाल्या, बाप्पा, मान कुठी वळते आता, जिकडं वळली तिकडं अडकली. काकूंचे दीर धर्मपालबाबा तर झोपतानाही त्याच बाजूला तोंड करतात म्हणे.

तिकडं काय आहे म्हणून मी बघून आले. विहीर आहे.

९ जानेवारी

आज माझं डोकंच फिरलं. स्वयंपाकघरात दोन माठ आहेत. एक मोठा, वस्तीच्या बोअरच्या पाण्याचा, घरातले सगळे त्यातलं पितात. एक लहान, झाकण-फडकं घातलेला, त्यातलं फक्त मला. कमाल आहे! मी काय देवघरातली मूर्ती आहे? माझ्या आजीनं जन्मभर कामाच्या बाईचा कप मोरीच्या खिडकीत वेगळा ठेवला. ते बघत मी मोठी झाले, आणि आता इथं येऊन माझ्यासाठी वेगळा माठ? उलट्या बाजूनं तेच की! संस्थेची माणसं इथं येतात ती स्वतःच्या बाटल्या काखेत मारून. घरचं पाणी घोटभर घेत नाहीत. मी त्यातली नाही, हे एकदा कळू दे सगळ्यांना, असं ठणकावून मी मोठ्या माठात पेला बुडवला आणि लागोपाठ दोन पेले प्यायले.

रुपालीनं तोंडावर हात ठेवला. काकू म्हणाल्या, तुमची मर्जी बाई. वैष्णवीनं टाळ्या वाजवल्या. पाणी जरा बुळबुळीत लागलं, पण स्वतःवर मी जाम खूश आहे.

१३ जानेवारी

मुलांच्या पायांची मापं घेतली. वैष्णवीचे पाय वाकायला लागलेत. नक्कीच. पण अजून वेळ गेलेली नाही. हाडं कोवळी आहेत, चांगलं पाणी, दूध, अंडी मिळाली तर सरळ होतात. रुपालीला मी सांगितलं की चांगलं पाणी आत्तापासून पाहिजे, मार्चपर्यंत थांबायचं नाही.

तेव्हा ती रडकुंडीला येऊन बोलली. लहान माठातलं पाणी सावळदऱ्याच्या प्लँटातलं आहे. तिथं कार्डावर पाणी मिळतं आणि टोलीला कार्ड नाही. मॅडम येणार म्हणून मॅडमच्या नावानं रोज एक जार मंजूर झाला, तो संघदीप टँकरवर घेऊन येतो. घरातल्या कुणी त्यातला थेंब घेतला नाही, पाव्हण्याचं पाणी म्हणून. त्या दिवशी मी तोरा मिरवला तेव्हापासून ती ते वैष्णवीला पाजते. साहेबाले नोका सांगू मॅडम, म्हणाली.

कानशिलं तापली माझी. स्वतः विष पिऊन ही माणसं मला अमृत पाजत होती आणि मी त्यांना समतेचे धडे देत होते!

ठरलं. जार वैष्णवीचा. मी मोठ्या माठातलंच पिणार. एक-दोन महिन्यांनी माणसाला काही होत नाही, वर्षं लागतात.

१६ जानेवारी

राग कागदावर मावत नाही.

टोलीच्या बोअरचं पाणी तपासलं. आकडा बघून मला मीटर बिघडलं असं वाटलं. परत तपासलं. सावळदऱ्याच्या कच्च्या पाण्यात जेवढं फ्लोराईड आहे, त्याच्या कितीतरी पट इथं! दोन गावांत एका टेकडीचं अंतर, खडक तोच. इथंच एवढं कुठून आलं?

उत्तर समोर उभं होतं, मी त्यातूनच आले होते. संघदीपच्या टँकरला बाटली लावली.

प्लँटातली भुकटी पाण्यातलं फ्लोराईड धरून ठेवते. ती भरली की कॉस्टिक सोड्यानं धुवावी लागते. ते धुवण म्हणजे गावभरच्या पाण्यातून काढलेलं सगळं विष एका जागी. त्यासाठी सावळदऱ्याला प्लास्टिक अंथरलेलं तळं आहे असं अहवालात छापलंय, फोटोसकट. मी आज जाऊन बघितलं. तिथं तूर उभी आहे.

धुवण टोलीच्या विहिरीत जातंय, तिथून झिरपत बोअरमध्ये. मागच्या उन्हाळ्यापासून. पुनर्भरण म्हणून! आणि यांनी त्याला मेणबत्त्या लावल्या.

१८ जानेवारी

प्रकल्पप्रमुख वामनरावांशी फोनवर बोलले. बोलले कसली, भांडले. ते एकदाही आवाज चढवत नाहीत, त्यानं आणखी तिडीक जाते. म्हणाले, उज्ज्वला, विहीर कोरडी होती, वस्तीनं स्वतः मागणी केली, ठराव आहे. म्हणाले, दुसऱ्या टप्प्याचा निधी मंजूर व्हायचा तर टोलीची आधीची परिस्थिती ठळक दिसली पाहिजे. आधी आणि नंतर, असे दोन फोटो शेजारी शेजारी लागतात. मार्चमध्ये ते स्वतः येणार आहेत आधीचा फोटो काढायला. तुमच्या नोंदीतल्या त्या चार वर्षांच्या मुलीचे पाय बोलके आहेत, ती गावात राहील एवढं बघा.

बोलके!

मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही, आई ही वही वाचेल कधीतरी. हात नुसते शिवशिवत होते. फोन तिकडून बंद झाला.

२० जानेवारी

घरात सांगून टाकलं. संघदीप आधी हसला. मग म्हणाला की मी माह्या हातानं ओतलं, मॅडम, माह्याच लेकीच्या— आणि उठून बाहेर गेला. संध्याकाळपर्यंत टँकरच्या चाकाला टेकून बसला होता. काकूंनी त्याला एक शब्द लावला नाही, भाकर नेऊन दिली. त्यानं काम सोडलं तर जार बंद होणार, आणि नाही सोडलं तर विहीर भरणार. असा पेच घालून ठेवलाय त्या लोकांनी.

तो उद्यापासून धुवण वाटेत दुसरीकडं ओतीन म्हणाला. दुसरीकडं कुठं? तिथंही कुणीतरी पाणी पितंच.

पाण्याच्या बाटल्या तपासणीसाठी संस्थेबाहेर पाठवल्या आहेत. तक्रार केली आहे, वर, त्याच्या वर. बघतेच आता.

२६ जानेवारी

आज विहिरीतून नमुना घेतला. भर दुपार, लख्ख ऊन. बादली सोडली तर पाण्याचा आवाज आलाच नाही. टक्. फरशीवर पडल्यासारखी. एवढे टँकर ओतलेत तर पाणी हवं ना!

बादलीत पांढरा खडा आला. चुन्याचा गोळा असेल असं वाटलं. फ्लोराईड आणि चुना एकत्र आले की असा साका धरतो, त्यात नवल नाही. फोडला तर आत पोकळ नळी, जाळी जाळीची. मटणातली नळी आपण फोडतो तशी.

मी इंजिनिअर आहे. चुना कसेही आकार घेतो. लिहून ठेवते म्हणजे डोक्यातून जाईल.

दात शिवशिवत होते तिथं उभी असताना. घरी आल्यावर थांबले.

२९ जानेवारी

तपासणीच्या बाटल्या परत आल्या. वाटेत फुटल्या म्हणे, सगळ्याच्या सगळ्या. तक्रारीला उत्तर आलं की संबंधित संस्थेकडून खुलासा मागवण्यात आला आहे. म्हणजे चोरालाच विचारणार, चोरी केलीस का बाबा. वा रे वा!

सकाळपासून मान आखडली आहे. कापसाच्या गादीवर झोपून असेल. काकूंनी तेल चोळलं. चोळता चोळता त्यांचा हात थांबला.

२ फेब्रुवारी

विहिरीत परत डोकावले. आतल्या बाजूनं, दगडांना लागून, पांढरं काहीतरी वर चढलंय. मणका. मणक्यावर मणका. माणसाच्या पाठीला असतात तसे, पण एकेक पाट्याएवढा. वरचं टोक नुसतंच आहे, त्यावर काही नाही.

मी खडा मारला. खडा लागला आणि माझे दात वाजले. माझे. मी तोंड मिटून उभी होते.

संघदीपला दाखवलं. त्यानं बघितलं आणि तो घराकडं पळत सुटला. एवढा धट्टाकट्टा माणूस.

५ फेब्रुवारी

धर्मपालबाबा गेले.

दुपारी ओट्यावरून उठले. काकू सांगतात की ते गेल्या वर्षापासून काठीशिवाय उठले नव्हते. आज काठी ओट्यालाच राहिली. मान ताठ, तोंड विहिरीकडं, पाय आपले चालू. पोरं म्हणाली, बाबा ओरडत होते, मले धरा, मले धरा बे, मी जाऊन नाही राह्यलो. पोरांना गंमत वाटली. मोठी माणसं सगळी शेतात, वेचणीला.

जोडे कठड्यापाशी होते, जोडीनं. गळ टाकला, सगळं केलं. टक्. टक्. खाली काही नाही. पोलिसांनी लिहिलं, म्हातारा माणूस, तोल गेला.

मणके वाढलेत. कठड्यापासून हातभर खाली आहे टोक.

८ फेब्रुवारी

वामनरावांना फोन केला. एक माणूस गेलाय, टँकर थांबवा. ते म्हणाले, फार वाईट झालं, वस्तीच्या वतीनं श्रद्धांजलीचा फलक लावू. आणि मला विश्रांतीची गरज आहे म्हणाले. आणि मी जार गैरवापरासाठी देते असं त्यांच्या कानावर आलंय, तर उद्यापासून जार बंद.

मेल्या, पाणी तोडलंस चार वर्षांच्या पोरीचं!

त्यांच्या तोंडावर म्हणाले हे. त्याचं मला काहीही वाटत नाही.

संघदीपनं टँकरची चावी फेकली. संध्याकाळपर्यंत दुसरा टँकर, दुसरा ड्रायव्हर. त्याच्या बरोबर दोन माणसं, हातात काठ्या.

१२ फेब्रुवारी

मान एका बाजूला वळून बसली आहे. कुठल्या बाजूला ते लिहायला नको.

फ्लोराईडला हाडात बसायला वर्षं लागतात. मी हे शिकले आहे, शिकवलं आहे. मला इथं येऊन किती दिवस झाले? हे फ्लोराईड नाही, किंवा आहे, पण घाई झालेलं. माणसांच्या अंगात जाणार होतं ते, वाटेतच काढून घेतलं. त्याला हाड पाहिजे.

काय लिहितेय मी हे. पण खोडणार नाही.

सांगलीला ये म्हणते आई. सडकेपर्यंत चालून बघितलं. सडक दिसतच नाही, मान वळत नाही ना. उलटं चालले, मागं मागं. थोडं जमलं. मग पाय थांबले आणि मान जिकडं होती तिकडं निघाले. मी बाभळीला मिठी मारून उभी राहिले, काटे रुतले, सोडलं नाही. रुपालीनं येऊन ओढून आणलं.

माझं जाऊ दे. मला कळून मी प्यायले. पण वैष्णवी—

१६ फेब्रुवारी

आज वैष्णवी जेवताना एकाच बाजूला बघत होती. हाक मारली तर अख्खी वळली. मान नाही. अख्खी. काकूंसारखी.

रुपाली किंचाळली.

ती म्हणाली खेळून राह्यली मी, उजू. खेळ असेल. देवा, खेळ असू दे.

१७ फेब्रुवारी

ठरलं. रुपालीचं माहेर दारव्ह्याला. तिथलं पाणी चांगलं, मी आधीच्या नोंदी बघितल्या. भाऊ ठेवून घेईन म्हणाला. वेचणी राहू दे, मजुरी राहू दे, काकूंनीच सांगितलं. म्हणाल्या, पोट्टी सरळ चालली पायजे, बाकी काई नोको मले.

बाहेर पडायची वाट मात्र विहिरीवरूनच आहे.

१८ फेब्रुवारी

गेल्या. गेल्या!

संघदीपनं वैष्णवीचं डोकं टॉवेलात गुंडाळलं, छातीशी घट्ट धरलं. रुपालीनं मागून मिठी घातली. दोघं तिला मधे धरून विहिरीवरून पळाले. वैष्णवीचे पाय हवेत, विहिरीच्या दिशेनं चालत होते. नुसते हवेत. वाकडे पाय.

भाड्याच्या जीपमध्ये बसली आणि पाय थांबले. मी सगळं बघितलं. मला तिकडंच बघता येतं.

संघदीपही त्यांच्याबरोबर गेला; मलाही चला म्हणाला, पण काकू घर सोडेनात आणि त्यांना टाकून मला जाववेना. संध्याकाळी फोन आला. पोहोचली. तिथलं पाणी पिऊन झोपली. मानेनं नाही म्हणाली म्हणे रुपालीला, भाजी नको म्हणून. मान हलवली!

मी आणि काकू रडलो. एकाच बाजूला तोंड करून.

२७ फेब्रुवारी

गुडघे गेले. काकू मला ओट्यावर बसवतात, कमरेला लुगडं बांधून खांबाला गाठ. मीच सांगितलं. त्या स्वतःलाही बांधतात. बाकीच्या घरांनीही—

टँकर येतच आहेत.

४ मार्च

बोटं वाकत नाहीत. पेन फडक्यानं बांधलंय. टोक कठड्याच्या वर आलंय. रोज बघते. उन्हात चमकतं. वर डोकं नाही, तरी इकडं बघतं.

वामनरावांचा निरोप. अकरा तारखेला येणार. फोटो. मुलीला तयार ठेवा.

तयार—

वैष्णवी धावली आज. रुपालीनं सांगितलं. पडली, पण धावली.

९ मार्च

काकूंना विचारलं, भीती वाटते का. म्हणाल्या, भेव कायचं, राग येते. मलाही. राग आहे म्हणून पेन चालतंय.

११ मार्च

गाडी आली. वामनरावसाहेब, फोटोवाला, पेपरचे दोघं. दुपार.

वही बघता येत नाही. न बघता लिहिते. अक्षरं कशीही—

मुलगी कुठं, विचारलं. काकू म्हणाल्या, गेली, सरळ चालून राह्यली आता. साहेबांचं तोंड पडलं. मग माझ्याकडं बोट, ह्यांचा घ्या, जवळून घ्या.

घे. घे फोटो.

काकूंनी गाठ सोडली स्वतःची. खांबाला धरून आत गेल्या. तांब्या, पेला, गूळ. मोठ्या माठातलं. घरातली माणसं पितात तेच. वेगळं काही नाही.

साहेबांनी बाटली दाखवली. आहे माझ्याकडं.

काकू पेला पुढं धरून उभ्या. पेपरवाल्यानं कॅमेरा वर केला. बौद्ध म्हातारीच्या हातचं पाणी साहेब घेत नाहीत— हा फोटो नको होता त्यांना. कळलं त्यांना. सगळ्यांना कळलं.

प्यायले. हसत. पूर्ण. कॅमेऱ्यात बघून.

दात वाजले कुणाचे तरी. माझे नाहीत.

गाडी काढ रे, म्हणाले. मान इकडं. पाय इकडं. गाडीकडं नाही, विहिरीकडं. हे काय, हे काय म्हणतात. धरा मला म्हणतात. फोटोवाला हसतोय, गंमत वाटतेय त्याला—

धरा म्हणे! धर्मपालबाबांना कुणी—

कठड्यावरून ते वाकलं. पांढरं. वाकताना आवाज नाही. फक्त दात. सगळ्या वस्तीचे दात—

साहेब कठड्याशी. जोडे काढतात. स्वतः नाही काढत, हात काढतात—

काकू कुठं— गाठ सोडली होती— काकू! खांब धरा, खांब—

माझी गाठ सैल. मी उठत नाही, उठवलं जातंय. पेन बांधलेलं आहे म्हणून— रुपाली, ऐक. टोलीला प्लँट बसला म्हणाले, पाणी चांगलं झालं म्हणून फोटो दाखवले, आधीचा आणि नंतरचा, तरी वैष्णवीला इकडं आणू—